मुकी मोटार

चोवीसपैकी एकोणिसावं चुंबक चकतीवर बसवताना हर्षदा कुबलचा हात निसटला. काडेपेटीएवढा तुकडा, पण त्याचा जोडीदार चार बोटांवर होता आणि त्याला तेवढं अंतर पुरलं. टक्क असा आवाज झाला. क्षणभर काही दुखलंच नाही. मग तिने पाहिलं, दोन चुंबकं एकमेकांना घट्ट बिलगून बसली आहेत आणि तिच्या डाव्या अनामिकेचं टोक त्यांच्यामध्ये आहे.

तिचा थोरला भाऊ भालू शेजारच्या पडवीत जाळं शिवत बसला होता, तो धावत आला. लोखंडी हातोडी उचलली तर हातोडीच चुंबकाकडे ओढली जाऊ लागली. शेवटी त्याने फणसाच्या लाकडाची पाचर तासली आणि दगडाने ठोकत ठोकत दोन्ही तुकडे विलग केले. बोटाच्या टोकाचा लगदा झाला होता. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी वरचं पेर काढूनच टाकलं.

"पुरे झाला आता," परत येताना भालू म्हणाला. "मोटारी बाजारात गावतत. माका नको तुझी."

"तुका नको तर नको. माका होयी," हर्षदा म्हणाली.

चौथ्या दिवशी तिने उरलेली सहा चुंबकं लाकडी साच्यातून सरकवत बसवली.

हर्षदा छत्तीस वर्षांची होती. ती अकरा वर्षांची असताना वर्षभरात आई-बाप गेले. तेव्हा सोळा वर्षांचा भालू दुसऱ्याच्या होडीवर चढला आणि त्याने तिला शिकवलं. मालवणच्या आयटीआयमधून ती वाइंडिंग शिकून आली, तेव्हापासून खारवणे या तिच्या गावाच्या आसपास कुठलीही मोटार जळली की ती हर्षदाच्या पडवीत यायची. डिझेलच्या होड्या बंद होऊनही आता पंधरा वर्षं उलटली होती. सगळा किनारा बॅटरीवर चालत होता.

आणि सगळा किनारा शांत होता. त्याला कारण होतं 'कान'.

खारवणे आणि कोंडसर या दोन गावांच्या मध्ये समुद्रात पाखरी खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, आहे. तिथे चार वाव, म्हणजे जेमतेम चोवीस फूट, पाण्यात मासे अंडी घालतात. या खडपावरून दोन्ही गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. शेवटच्या मारामारीत तीन होड्या जळाल्या, दोन माणसं मेली, भालूच्या कानामागे आठ टाके पडले. त्यानंतर सरकारने खडपाभोवती मनाई क्षेत्र आखलं आणि पाण्याखाली बारा श्रवणयंत्रं रोवली. लोक त्यांना कानच म्हणत. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपट वेगाने जातो आणि फार लांबवर जातो. विजेच्या मोटारीत चुंबक फिरताना लोखंडाच्या प्रत्येक दात्याला हिसका देत जातं, ते लोखंड थरथरतं, आणि ती थरथर पाण्यात गुणगुण म्हणून उतरते. दोन मोटारींची गुणगुण कधी सारखी नसते. म्हणून प्रत्येक मोटारीचा आवाज मत्स्यखात्यात नोंदलेला असे. खडपावर कुणी शिरलं की अर्ध्या मिनिटात पडद्यावर होडीचा नंबर. कुणी काय केलं यावर वाद घालायला जागाच उरली नाही, आणि वाद गेल्यावर मारामारीही गेली. खडपावर घोळ परतली, बांगडा परतला.

हर्षदाच्या डोक्यात खडप नव्हतंच. भालू एकदा म्हणाला होता, बांगड्यांचा थवा मोटारीची गुणगुण ऐकतो आणि खाली बसतो. तेवढ्यावरून तिने विचार सुरू केला. थरथर लोखंडाची असेल तर लोखंडच काढून टाकलं तर? भंगारातल्या स्कूटरमधून तिने चुंबकं सोडवली. तांब्याच्या तारेच्या अठरा गुंडाळ्या करून राळेत ओतल्या, भाकरीसारखी एक चकती झाली. तिच्या दोन्ही अंगांना चुंबकांच्या दोन फिरत्या चकत्या. मध्ये दाता नाही, मागे पत्रा नाही. फिरताना ओढ लागते ती तांब्यातल्या विजेला, आणि ती सलग लागते. हिसका कुठेच नाही. मोटारीला दातेरी चाकं न लावता तिने लाकडाचा मोठा पंखा सरळ जोडला, तोही इतका संथ, की पाण्याला फेस येत नव्हता.

खाडीत पहिल्यांदा चालवली तेव्हा भालूने दोनदा विचारलं, "चालू आसा?" होडी तोवर वीसेक हात पुढे गेली होती.

त्या हंगामात भालूची होडी बांगड्यांच्या थव्यात थेट घुसायची. त्याने आग्रह करून आपल्या चार मित्रांसाठीही मोटारी करून घेतल्या. हर्षदाने त्या आनंदाने केल्या. तुटक्या बोटाबद्दल लोक विचारायचे, तेव्हा ती दाखवायचीसुद्धा.

नोव्हेंबरात एका सकाळी भालूच्या होडीत तिने घोळ पाहिली. एक नव्हे, नऊ. पुरुषभर लांबीच्या, पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. घोळ त्या दिवसांत एकाच जागी असते, खडपावर.

"दादा, ही खयची?"

"दर्यातली," भालू म्हणाला आणि त्याने ताडपत्री ओढली.

तिला तेव्हा कळलं. कानांना ती मोटार ऐकू येत नव्हती. इतकी साधी गोष्ट, आणि तिने तिचा विचारच केला नव्हता. ती घरात गेली आणि गप्प बसली. पुढे ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारायची, त्या दिवशी का बसले गप्प? उत्तर साधं होतं. तो भालू होता.

बारा दिवसांनी खडपाचा राखणदार अनंत केळुसकर रक्ताच्या थारोळ्यात, स्वतःच्याच होडीत सापडला. कोंडसरचा हा साठीचा माणूस एके काळी हर्षदाच्या बापाचा होडीतला जोडीदार होता. कान आल्यापासून राखण नावापुरतीच उरली होती. तो सकाळी खडपाला फेरी घालायचा, शिट्टी गळ्यात असायची, ती कधी वाजवावी लागत नसे.

हर्षदा त्याला बघायला इस्पितळात गेली. कवटी दोन ठिकाणी फुटली होती. एक डोळा आत गेला होता, दुसरा उघडत नव्हता. तिने नाव सांगितल्यावर त्याने हात चाचपला.

"चेडवा," तो म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाला त्याला दम लागत होता. "आवाजच येवक नाय गो. होडी एकदम म्होरां. अशी मुकी मोटार कोणी केल्यान?"

त्याचा हात तिच्या तुटक्या बोटावर येऊन थांबला. मग त्याने हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

पोलीस खारवण्यात आले. त्यांनी कानांची नोंद काढून आणली होती. त्या सकाळी सहा ते नऊ, मनाई क्षेत्रात राखणदाराच्या होडीशिवाय एकही मोटार नाही. कागदावर बाकी शून्य होतं, आणि बारा वर्षांत तो कागद कधी चुकला नव्हता. म्हातारा तोल जाऊन होडीच्या कडेवर आपटला असावा, असं लिहून साहेब परत गेले. भालू दारात उभा राहून त्यांना वाट दाखवत होता.

ते गेल्यावर हर्षदा त्याच्यासमोर उभी राहिली.

"तेच्या डोक्यावर किती वेळा मारलंस?"

भालूने आधी तिच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "तो शिट्टी फुंकी होतो. मी तेका गप करूक गेलंय. गप होवक नाय. वल्ह्यान मारलंय. मगे पोरांनीव मारल्यानी." थोडं थांबून तो म्हणाला, "मोजूक नाय मी."

"तेना आपल्या बापाक खांदो दिल्यान, दादा."

"माका सांगू नको. मोटार कोणी केली? मी?"

हर्षदाने कोपऱ्यातला घण उचलला आणि ती खाली खाडीकडे, त्याच्या होडीकडे निघाली. पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं. आयुष्यात त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्याने तिच्या कानशिलात मारली, ती पडली तेव्हा केस धरून वर ओढली आणि पुन्हा मारली. तिचे दोन दात ओठात रुतले. मग तो तिच्या पडवीत शिरला आणि गुंडाळ्यांचे साचे, चुंबकांच्या चकत्या, आराखड्यांची वही, सगळं एका पाटीत भरून घेऊन गेला.

"ह्या आता तुझा नाय," तो जाताना म्हणाला. त्याचा आवाज मात्र रडवेला होता.

महिन्याभरात त्या वहीची पानं फोनांतून फिरत फिरत देवगडच्या पुढे गेली.

ओठाची सूज उतरायच्या आत हर्षदा कोंडसरला अनंतच्या घरी गेली. त्याची मुलगी दर्शना सव्वीस वर्षांची, बापाचीच होडी आता ती चालवत होती. दारात उभी राहून हर्षदा म्हणाली, "ती मोटार मी केलंय."

दर्शनाच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिने तिच्या तोंडावर फेकला. तो कपाळावर लागला. रक्त भुवईवरून खाली आलं. हर्षदाने ते पुसलं नाही.

"ती मोटार सापडूची कशी ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "तू आयकशीत तर सांगतलंय."

दर्शना दारातून बाजूला झाली. "बस."

हर्षदाने सांगितलं ते असं. लोखंड काढलं म्हणून मोटार मुकी झाली, पण मोटारीतलं लोखंड आणखी एक काम करत असतं. चुंबकाचं बळ ते आत कोंडून ठेवतं. माझ्या मोटारीत कोंडणारं काहीच नाही, ते बळ बाहेर सांडतं. आणि तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरत गेलं की तारेत वीज येते. मोटार ज्या नियमाने चालते तोच नियम, फक्त उलट्या दिशेने. खडपावर पाणी चारच वाव आहे. तळाशी खडपाभोवती तारेचं एक मोठं वेटोळं टाकलं, तर ती मोटार वरून जाताना त्यात अगदी बारीक वीज थरथरेल. ती मोठी करून सुईला दाखवायची. कानांना नाही कळत ते तारेला कळेल.

"आणि मगे?"

"मगे चौकीक फोन करूचो. ते रंगेहात धरतीत. दुसरा कायएक नाय. शपथ घे."

"घेतलंय," दर्शना म्हणाली.

टेलिफोनची भंगारातली केबल, दीड किलोमीटर. चार दिवस दोघी मनाई क्षेत्राच्या कडेला जाळी टाकल्याचं सोंग करत ती तळाशी सोडत राहिल्या. दगड बांधून बांधून हर्षदाच्या बोटाच्या थोट्यातून पुन्हा रक्त येऊ लागलं. केबलचं टोक खडपासमोरच्या कातळावर, दर्शनाच्या बापाच्या राखणीच्या खोपटात आणलं. तिथे एक बॅटरी, एक पेटी, एक सुई. होड्यांचे नांगर वरून गेले की सुई एकदाच सावकाश झुकायची आणि परत यायची. त्याला महत्त्व नव्हतं. फिरत्या चुंबकाला ती थरथरणार होती.

अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास सुई थरथरली. समुद्रावर धुरकट होतं. हर्षदाने श्वास रोखून मोजलं. एक मोटार, मग दुसरी, मग तिसरी.

"फोन कर," ती म्हणाली.

दर्शना खोपटाबाहेर गेली. तिने फोन काढला नाही. कातळाच्या टोकावर जाऊन तिने बापाची शिट्टी तोंडात धरली आणि तीन वेळा लांब फुंकली. खालच्या खाचेतून कोंडसरच्या होड्या बाहेर पडू लागल्या. हर्षदाने मोजल्या, नऊ. प्रत्येकीत चार-पाच माणसं, आणि कुणाच्याही हातात जाळं नव्हतं.

"तू शपथ घेतलंस," हर्षदा म्हणाली.

"माझ्या बापाशीनव म्हटल्यान मां, चौकीक फोन करतंय म्हणान," दर्शना म्हणाली. "ते येयसर तेंनी तेका मारल्यानी." ती उतारावरून धावत सुटली. हर्षदाने पडतझडत स्वतःच चौकीला फोन लावला आणि शेवटच्या होडीत उडी टाकली. तिला कुणी अडवलं नाही. सगळ्यांचं लक्ष पुढे होतं.

भालू आणि त्याच्या मित्रांच्या तिन्ही होड्या जाळी ओढण्यात गुंतल्या होत्या. त्यांना नऊ मोटारींची गुणगुण ऐकू आली असणार, पण जाळ्यात मासा होता आणि त्यांनी जाळं सोडलं नाही. ते सोडलं असतं तर निसटले असते. पहिली होडी त्यांच्यावर बाजूने आदळली तेव्हा एक माणूस दोन होड्यांच्या मध्ये पडला. लाटेने होड्या दूर केल्या, लाटेनेच पुन्हा जवळ आणल्या. मोडणाऱ्या हाडांचा आवाज हर्षदाला लांबून ऐकू आला.

मग कोण कुणाला मारतंय ते कळेनासं झालं. जाळ्याचे दगड दोरीला बांधून लोक गोफणीसारखे फिरवत होते. कोंडसरच्या एका म्हाताऱ्याच्या गळ्यात मासे ओढायची आकडी घुसली आणि तो ती दोन्ही हातांनी धरून बसूनच राहिला, तसाच मेला. कुणी ओरडत नव्हतं. नुसते धापा टाकण्याचे आणि लाकडावर लाकूड आपटण्याचे आवाज, आणि मध्येच जाळ्यात तडफडणाऱ्या घोळींचा फडफडाट.

भालू पाण्यात होता. तो पोहत नेमका हर्षदाच्या होडीशी आला आणि त्याने कडेला दोन्ही हातांनी धरलं. होडीतल्या एकाने दगड उचलला आणि त्याच्या बोटांवर मारला. भालूने हात सोडला नाही. दुसऱ्यांदा मारला. त्याने वर पाहिलं.

"हर्षू," तो म्हणाला.

तिसरा दगड खाली येताना हर्षदा त्याच्या हातांवर आडवी पडली. दगड तिच्या खांद्याच्या फऱ्यावर बसला आणि तिचा तो हात लोळागोळा झाला. दुसऱ्या हाताने तिने भालूच्या सदऱ्याला धरलं आणि ओढलं. कसा कोण जाणे, तो आत आला. ती त्याच्यावर झोपून राहिली. वर दर्शना तिच्या होडीतून वाकली होती, हातात आकडी.

"बाजूक हो," दर्शना म्हणाली.

"नाय."

"हर्षदा, बाजूक हो."

हर्षदाने त्याचं डोकं आणि छाती झाकली होती. झाकायला तेवढंच अंग होतं. दर्शनाने आकडी भालूच्या गुडघ्यात घातली आणि ओढली. भालूची किंकाळी हर्षदाच्या छातीखालून आली. दर्शनाने आकडी पुन्हा उचलली, तेवढ्यात पोलिसांच्या बोटीचा भोंगा ऐकू आला, आणि ती आकडी पाण्यात टाकून मटकन खाली बसली.

त्या सकाळी तीन माणसं मेली. तारेची नोंद कोर्टात चालली. हर्षदाने साक्ष दिली, मोटारीबद्दल, वल्ह्याबद्दल, शिट्टीबद्दलही. भालूला चौदा वर्षं झाली, दर्शनाला पाच. खारवण्यात हर्षदाच्या दारात कुणी मोटार आणीनासं झालं. पण तोवर वहीची पानं सगळ्या किनाऱ्यावर पोचली होती आणि मुक्या मोटारी शेकड्यांनी झाल्या होत्या. गावागावांतून माणसं यायची आणि म्हणायची, आमच्याकडेही तार टाकून द्या. तिने सहा ठिकाणी टाकून दिली. प्रत्येक ठिकाणी तिने तीच शपथ घ्यायला लावली, आणि सहांपैकी चार ठिकाणी सुई थरथरल्यावर चौकीला फोन सगळ्यांत शेवटी गेला.

आठ महिन्यांनी भालूने तिला भेटायला बोलावलं. तोवर त्याने भेट नाकारली होती. तुरुंगातल्या जाळीपलीकडे तो लंगडत आला आणि बसला. केस पांढरे झाले होते. दोन बोटं वाकडी जुळली होती.

"खांदो कसो आसा?" त्याने विचारलं.

"वर होना नाय."

"हं."

मग भालू पुढे सरकला.

"एक सांग. तुझ्या तारेक माझी मोटार कळली कशी?"

हर्षदाने सांगितलं. लहानपणी तो तिला भरती-ओहोटी समजावून सांगायचा तसंच, सावकाश. चुंबकाचं बळ बाहेर सांडतं, तारेत वीज थरथरते. त्याने नीट ऐकलं. त्याला कळत होतं. तो हुशार होता, शिकला असता तर तिच्याहून पुढे गेला असता.

"म्हणजे मोटार लोखंडाच्या डब्यात घातली," तो म्हणाला, "तर ता सांडूचा नाय. तार बहिरी होतली. खरा मां?"

हर्षदाने जाळी धरली.

"ह्या आणखी कोणाक सांगितलंस?"

"हय सगळे दर्यावरचेच आसत," भालू म्हणाला. "सुटान जातत. विचारतत."

तिला उत्तर माहीत होतं. लोखंडाचा डबा चुंबकाचं बळ आत कोंडेल, सुईची थरथर थांबेल, हे खरं. पण पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक आहे, आणि लोखंडाचा मोठा डबा पाण्यावरून सरकला की त्या चुंबकाच्या रेषा आपल्याकडे ओढून घेतो. तारेला तेही कळतं. नांगराला सुई जराशी झुकते, डब्याला टोकापर्यंत झुकेल. डबा घेऊन येणारा माणूस मुक्या मोटारीपेक्षा आधी दिसेल, आणि लांबून दिसेल. सुईसमोर बसलेल्या लोकांना एवढंच शिकवायचं, की मोठा झुकाव दिसला की उठायचं. मग ते उठून काय करतील तेही तिला माहीत होतं.

खरं सांगितलं तर भालू त्यावरही काहीतरी शोधेल. आठ दिवस लागतील, फार तर पंधरा. बराकीत दुसरं काम काय? आणि नाही सांगितलं तर माणसं लोखंडाच्या डब्यात मोटार घालून निर्धास्तपणे खडपावर जातील, आणि कातळाआड होड्या वाट बघत असतील.

भालू तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्याशी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती आणि ते त्याला ठाऊक होतं.

"व्हय," ती म्हणाली. "बहिरी होतली."

"पत्रो जाड किती होयो?"

"दोन मिलीमीटर पुरे."

भालूने मान डोलावली. मग उठला, आणि तो आकडा घेऊन लंगडत आत गेला.